सापाची अंडी, पिल्लं आणि त्यांचं खाणं: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल सरत आला की आमच्या सर्पमित्र गटाचे फोन खणखणायला लागतात, ते थेट गणपतीपर्यंत. सुरुवातीला अंड्यांचे फोन, मग पिल्लांचे. त्यातच परदेशी साप पाळणाऱ्या मंडळींचे खाण्याबद्दलचे प्रश्न. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवलंय.

आमच्या कुंडीत पांढरी अंडी निघाली. सापाचीच असतील ना?

बहुतेक वेळा नाही. मुंबईत "सापाची अंडी" म्हणून जे फोटो येतात त्यांतली बरीचशी सरड्याची असतात. सोसायटीच्या बागेत कुंपणावर बसून मान हलवणारा जो सरडा असतो ना, त्याची मादी ओल्या मातीत स्वतः खड्डा करते, दहा-वीस अंडी घालते आणि वरून माती नीट लोटून टाकते. अंडी लांबट, मऊ कवचाची, बोटाच्या पेरापेक्षा लहान. माळीकाका कुंडी बदलतात आणि ओरडा होतो.

कपाटामागे किंवा मीटरच्या पेटीत दोन-दोन करून चिकटलेली, वाटाण्याएवढी, गोल आणि टणक कवचाची अंडी असतील तर ती पालीची. सापाच्या अंड्याचं कवच टणक नसतं, चामड्यासारखं असतं, बोटाने दाबलं तर किंचित दबतं. (दाबून बघू नका.) नाग आणि धामण यांची अंडी चार-पाच सेंटीमीटर लांब असतात, दिवडाची त्याहून लहान. आणि बऱ्याचदा ती एकमेकांना चिकटून घोस झालेला असतो. आपल्याकडचे साप अंड्यांसाठी स्वतः खड्डा खणत बसत नाहीत. त्यांना आयती जागा लागते: उंदरा-घुशीचं बीळ, राडारोड्याचा ढीग, कुजलेला पालापाचोळा, जुन्या गडग्यातली फट.

आणखी एक. घोणस, फुरसं, मांडूळ, हरणटोळ, चापडा हे साप अंडी घालतच नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात. घोणशीची मादी पावसाच्या तोंडावर एका वेळी वीस-चाळीस पिल्लं सहज देते. त्यामुळे "घोणशीची अंडी सापडली" असं कोणी सांगितलं तर ओळखण्यात काहीतरी गडबड आहे.

खोदकामात खरंच सापाची अंडी उघडी पडली. आता?

काम तिथेच थांबवा. अंडी जशी आहेत तशीच, वरची बाजू वरच ठेवून, त्याच मातीने हलकेच झाका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तेवढ्या वेळात एक माणूस लांब उभा करा, पण बिळात काठी घालायला नको. नागीण अंड्यांजवळ थांबते, दिवडाची मादीही थांबते. आई जवळ असण्याची शक्यता धरूनच वागायचं.

अंडी बादलीत भरून, खळखळ हलवत गेटपर्यंत आणून ठेवायची आणि मग फोन करायचा, हा प्रकार फार चालतो. तोवर त्या अंड्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. का, ते खाली उबवण्याच्या उत्तरात आहे.

ती अंडी मी घरी उबवली तर? यूट्यूबवर तर सोपं दिसतं.

सोपं आहेच, पण गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी "प्राणी" या व्याख्येतच धरलेली आहेत आणि अंडी फोडणं किंवा विस्कटणं हे शिकारीत मोडतं. अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. त्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड आहे. इतर बाबतींत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता म्हणून सूट नाही.

सुटका केलेली अंडी कृत्रिमरीत्या उबवायची असतील तर ती वनविभागाच्या नोंदीने आणि परवानगीने, अनुभवी माणसाच्या हाताखाली. पुढची माहिती अशा ठिकाणी शिकणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आणि ज्यांच्याकडे रीतसर नोंदणी केलेले परदेशी साप आहेत त्यांच्यासाठी आहे.

बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक तर कायदेशीर आहेत ना?

परदेशी आहेत म्हणून मोकळं रान आहे असं नाही. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो. अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम केंद्राने २०२४ मध्ये आणले. नोंदणी परिवेश पोर्टलवर करायची. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, हे सगळं कळवावं लागतं. पैदास करून विकायची तर २०२३ च्या नियमांप्रमाणे वेगळा परवाना लागतो. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरीही तो तुमच्यापर्यंत कुठून आला याचा कागद हवाच. मुंबई विमानतळावर बॅगांतून साप पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. "बिल नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून साप घेऊ नका.

अंडी उबवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तीन गोष्टी सांभाळायच्या: ऊब, ओल आणि अंडं न हलवणं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक विसरतात.

कोंबडीची अंडी उबवताना ती फिरवावी लागतात, हे अनेकांच्या डोक्यात बसलेलं असतं. सापाचं उलट. अंडं घातल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच गर्भ आतल्या पडद्याला वरच्या बाजूला चिकटून वाढायला लागतो. नंतर अंडं उलटं झालं की बलक त्याच्यावर येतो आणि गर्भ गुदमरतो. म्हणून अंड्यांना हात लावण्याआधी प्रत्येकाच्या माथ्यावर मऊ पेन्सिलने बारीक खूण करायची आणि शेवटपर्यंत ती खूण वरच राहील असं बघायचं. स्केचपेन, मार्कर नको, शाई कवचातून आत जाते. अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर घोस सोडवत बसू नका, जसाच्या तसा उचला.

झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, बाजूला दोन-चार बारीक भोकं. आत व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट, नर्सरीत मिळतं. वजनाला वजन पाणी मिसळायचं. मूठ घट्ट आवळली तर गोळा व्हायला हवा पण पाणी टपकता कामा नये. अंडं त्यात निम्मं बसेल एवढा खळगा करायचा. झाकणाला धरलेलं पाणी अंड्यांवर ठिबकत असेल तर डबा किंचित तिरका ठेवा, म्हणजे थेंब कडेने ओघळतात. अंड्यांवर थेट पाणी शिंपडायचं नाही.

आठवड्यातून एक-दोनदा झाकण उघडून हवा बदलायची. डबा मुंग्यांपासून जपायचा. खाली पाण्याची परात ठेवून तिच्यात विटेवर डबा ठेवणं हा मुंबईतल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक असलेला उपाय इथेही चालतो.

तापमान किती? मुंबईत इनक्युबेटर लागतो का?

आपल्याकडच्या बहुतेक सापांच्या अंड्यांना २७ ते ३० अंश सेल्सिअस पुरतं. पावसाळ्यात मुंबईत दिवसा ३० च्या आसपास आणि रात्री २५ च्या आसपास असतं, दमट हवा तर फुकटची. त्यामुळे आडबाजूच्या, ऊन न येणाऱ्या, एसी नसलेल्या खोलीतल्या कपाटात स्थानिक सापांची अंडी व्यवस्थित फुटतात. कॉर्न स्नेकचंही भागतं. बॉल पायथनला ३१-३२ लागतं, तिथे थर्मोस्टॅट हवा.

मुंबईत अंडी थंडीने कमी आणि उकाड्याने जास्त मरतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गॅलरीत दुपारी पारा सहज ३५ च्या वर जातो. तेवढ्याने गर्भ मरतो, नाहीतर पिल्लू वाकड्या कण्याचं निघतं. दुसरं टोक म्हणजे १८ वर लावलेला एसी. डब्याच्या आतच थर्मामीटर ठेवा, भिंतीवरच्या घड्याळातलं तापमान बघून काही कळत नाही. वीज जाण्याची चिंता इथे फारशी नाही. १२ ऑक्टोबर २०२० सारखा सगळं शहर ठप्प होण्याचा दिवस विरळा, आणि चार-सहा तास दोन-तीन अंश खाली गेल्याने अंड्यांना काही होत नाही.

अंड्याला खळगा पडलाय, एकावर बुरशी आहे, एक पिवळं पडलंय. फेकू?

सुरुवातीच्या आठवड्यांत खळगा पडला तर ओल कमी आहे. अंड्यांच्या बाजूने, कडेला थोडं कोमट पाणी सोडा, एक-दोन दिवसांत अंडं फुगतं. शेवटच्या दिवसांत पडलेला खळगा मात्र अंडं फुटायला आल्याची खूण आहे. तेव्हा पाणी घालून चिखल करू नका.

पिवळं, मेणचट आणि बुरशी आलेलं अंडं बहुधा फळलेलं नसतं. शंका असेल तर अंधारात, अंडं जागचं न हलवता, बाजूने बारीक टॉर्च लावा. आत गुलाबी-लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. घोसातलं मेलेलं अंडं ओढून काढताना शेजारचं फाटतं. त्यापेक्षा ते तिथेच राहू द्या, जिवंत अंडं शेजारच्या बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही.

किती दिवसांनी फुटतात? कवच कापून पिल्लाला बाहेर काढावं का?

नागाला साधारण ५० ते ७० दिवस, धामण आणि अजगराला दोन महिन्यांच्या आसपास, कॉर्न स्नेक आणि बॉल पायथनलाही जवळपास तेवढेच. तापमान कमी असेल तर आठवडाभर पुढे जातं.

फुटताना बघण्यासारखं असतं. पिल्लाच्या वरच्या ओठाच्या टोकाला एक इवलासा दात असतो. तो फक्त एवढ्याच कामाचा, नंतर पडून जातो. त्याने कवचाला आतून चीर जाते, मग शेजारी दुसरी, तिसरी. चिरेतून चिकट द्रव झिरपतो, एक बुडबुडा येतो आणि मग नाकाचं टोक दिसतं. जीभ बाहेर येते, आत जाते. तुम्ही जरा पुढे झुकलात की डोकं गडप. असं दिवसभर, कधी दोन दिवस चालतं. पिल्लू अडकलेलं नसतं. उरलेला बलक पोटात ओढून घेण्याचं काम चालू असतं. या वेळी कवच कापून त्याला ओढलं तर बलकाची पिशवी बाहेर लोंबते, फाटते आणि पिल्लू जातं. बाकीची सगळी निघून दोन दिवस झाले आणि एखाद्या अंड्याला चीरच नाही, तर अनुभवी माणसाने वरच्या बाजूला छोटी खिडकी पाडणं समजू शकतं. त्यापुढे काही नाही.

तापमानावर नर-मादी ठरतं म्हणतात?

मगर आणि अनेक कासवांत ठरतं. सापांत नाही, तिथे गुणसूत्रांवर ठरतं.

आई पिल्लांना काय भरवते?

काहीच नाही. साप पिल्लांना भरवत नाहीत. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि स्नायू सतत आखडत-सोडत अंगातून ऊब काढते. १८४१ मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात अशा मादीचं तापमान मोजून हे नोंदवलं गेलं. पण पिल्लं बाहेर आली की तिचंही काम संपतं. ती पिल्लं स्वतःच्या पायावर उभी, असं म्हणायची सोय नाही, पण अर्थ तोच.

पहिलं खाणं कधी आणि काय द्यायचं?

घाई करू नका. बलक पोटात असल्याने पिल्लाला आठवडाभर तरी भूक नसते. सात ते दहा दिवसांत ते पहिली कात टाकतं, त्यानंतर पहिलं खाणं. तोवर उथळ वाटीत स्वच्छ पाणी आणि लपायला जागा एवढंच पुरे. प्रत्येक पिल्लू वेगळ्या डब्यात, खाली रद्दीचा पेपर. एकत्र ठेवली तर दोघं एकच उंदीर दोन टोकांनी गिळायला घेतात आणि शेवटी एक पिल्लू दुसऱ्याच्या पोटात जातं. मण्यार आणि नाग तर तसेही साप खातात.

काय द्यायचं ते जातीवर ठरतं. कॉर्न स्नेक आणि तस्कर यांना पांढऱ्या उंदराची एक-दोन दिवसांची, केस न आलेली गुलाबी पिल्लं. बॉल पायथनचं पिल्लू मुळातच थोराड, त्याला केस फुटलेलं उंदराचं पिल्लूही चालतं. दिवडाच्या पिल्लांना बारीक मासे आणि बेडकाची पिल्लं लागतात. मासा द्यायचा तर गप्पी बरा, डासांसाठी पालिका टाक्यांत सोडते तोच. गोल्डफिशसारख्या माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, तेच रोज दिलं तर साप झटके येऊन मरतात. कवड्याचं पिल्लू पालीवर आणि मण्यारीचं पिल्लू लहान साप-पालींवर जगतं. म्हणूनच ही पिल्लं पिंजऱ्यात वाढवणं कठीण आणि सोडून देणं शहाणपणाचं.

भक्ष्याची जाडी पिल्लाच्या सर्वांत जाड भागाएवढी, फार तर थोडी जास्त. पाच ते सात दिवसांतून एकदा. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. डब्याची एक बाजू २९-३० अंशांवर उबदार हवी, नाहीतर खाल्लेलं पोटात कुजतं आणि उलटून पडतं. उलटलं तर लगेच पुन्हा भरवू नका, आठ-दहा दिवस पोटाला आराम द्या आणि पुढचं खाणं आधीच्यापेक्षा लहान.

फ्रीजमधला उंदीर कसा द्यायचा? जिवंत दिला तर?

गोठवलेला उंदीर पिशवीत घालून आधी साध्या, मग कोमट पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत ठेवायचा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि पोट फुटतं, घरात पुढे काय होतं ते सांगायला नको. फ्रीजरमध्ये वेगळा, झाकणाचा, नाव लिहिलेला डबा. आईला आधी सांगून ठेवा.

जिवंत, केस आलेला उंदीर पिल्लाच्या डब्यात रात्रभर सोडायचा नाही. साप भुकेला नसेल तर उंदीरच सापाला कुरतडतो. आणि गटारातला, चाळीच्या जिन्यातला उंदीर तर कधीच नको. त्याने विषाची वडी खाल्लेली असू शकते, ते विष सापाच्या पोटात जातं. शिवाय लेप्टोचा धोका तुम्हालाही.

पिल्लू खातच नाही. जबरदस्तीने भरवू का?

हा आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आधी डोळे बघा. दुधाळ-निळसर झाले असतील तर कात यायची आहे, तोवर ते खाणार नाही. मग तापमान बघा. मग डबा: मोठ्या काचेच्या पेटीत, दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलेलं पिल्लू घाबरून खात नाही.

हे सगळं ठीक असेल तर एक युक्ती बहुधा चालते. संध्याकाळी दिवे मालवायच्या सुमाराला, श्रीखंडाच्या अर्धा किलोच्या डब्याएवढ्या डब्यात पिल्लू आणि कोमट केलेला गुलाबी उंदीर एकत्र ठेवायचा, झाकणाला भोकं, वर फडकं, आणि डबा उबदार जागी. रात्रभर उघडून बघायचं नाही. सकाळी उंदीर नसतो आणि पिल्लाच्या मध्यावर फुगवटा असतो. तरीही नाही, तर उंदराला पालीचा वास लावायचा, पालीवर हळूच घासून किंवा तिच्या टाकलेल्या कातीत गुंडाळून. अनेक जातींच्या पिल्लांना पहिलं भक्ष्य म्हणून उंदीर कळतच नाही, पाल कळते.

निरोगी पिल्लू काही आठवडे न खाता सहज राहतं. मध्ये दर चार दिवसांनी खाणं समोर नाचवलं तर ते आणखी बिचकतं. नळीने किंवा चिमट्याने कोंबून भरवणं हे साप जाणणाऱ्या पशुवैद्याचं काम आहे. घरच्या घरी करताना जबडा मोडतो किंवा अन्न श्वासनलिकेत जातं. पाठीचा कणा वर उठून दिसायला लागला, कातडीला सुरकुत्या पडल्या, की वाट न बघता डॉक्टर गाठा.

मामीने बशीत दूध ठेवलं, पिल्लाने प्यायलं सुद्धा!

तहानलेला साप समोर येईल तो द्रव पितो. दूध त्याला पचत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो, कारण त्याला आधी कित्येक दिवस पाणी दिलेलं नसतं. बशी उचला, पाणी ठेवा.

रोज हातात घेतलं तर माणसाळेल ना?

पहिली चार-पाच खाणी नीट होईपर्यंत हातात घेऊ नका. नंतरही साप फार तर सवयीने शांत राहतो, प्रेम वगैरे नाही. हात साबणाने धुवा, सापांच्या विष्ठेत साल्मोनेला असतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर साप पाळण्याचा विचारच पुढे ढकला, हे आमचं स्पष्ट मत.

पिल्लाचं विष मोठ्या सापापेक्षा जहाल असतं का?

विष अंड्यातून बाहेर येतानाच असतं, आणि नागाचं वीतभर पिल्लू पहिल्याच दिवशी फणा काढतं. पण मोठ्या सापाजवळ विष कितीतरी जास्त असतं, त्यामुळे "पिल्लू जास्त घातक" हे खरं नाही. म्हणून दुर्लक्ष करायचं असंही नाही. चावा झाला तर हात-पाय स्थिर ठेवा, अंगठी-बांगडी काढा, आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, आणि पालिकेच्या किंवा सरकारी मोठ्या रुग्णालयात जा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. परळच्या हाफकिनचं नाव त्यासाठीच घरोघरी माहीत आहे.

सहाव्या मजल्यावर बाथरूममध्ये पिल्लू निघालं. बाकीची पिल्लंही घरात असतील?

बाथरूममध्ये, गांडुळासारखा, चकचकीत काळपट, डोकं-शेपूट न कळणारा असेल तर तो वाळा. पिल्लू नाही, पूर्ण वाढलेला साप आहे. बिनविषारी, मुंग्या-वाळवीची अंडी खाणारा. कुंडीच्या मातीतून येतो. या जातीत फक्त माद्या असतात, नराशिवायच अंडी देतात.

तपकिरी, अंगावर पिवळट-पांढरे पट्टे असतील तर बहुधा कवड्या. पाइप आणि खडबडीत भिंत चढून तो वरपर्यंत येतो. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे उलट, मानेकडे नसतात किंवा पुसट, शेपटीकडे ठळक आणि जोडीजोडीने. पण हे नियम लक्षात ठेवून हात घालायचा नाही, झाडूने नव्हे तर दार लावून आणि फटीत टॉवेल कोंबून त्याला तिथेच अडवायचं.

पिल्लं अंड्यातून निघाली की थोड्याच दिवसांत पांगतात. तळमजल्यावर, बागेला लागून घर असेल तर आठवडाभर चपला झटकून घाला. सहाव्या मजल्यावर अख्खी वीण असण्याची शक्यता नगण्य.

सुटका केलेल्या अंड्यांतली पिल्लं तुम्ही खायला घालून मोठी करता का?

नाही. पहिली कात टाकली, अंग धडधाकट आहे एवढं बघून, वनविभागाच्या नोंदीनंतर ती सोडली जातात, शक्यतो जिथे अंडी सापडली त्या परिसराजवळच्या मोकळ्या जागी. पिंजऱ्यात महिनाभर पांढरे उंदीर खाऊन पिल्लाला बाहेर काही फायदा होत नाही. मुंबईत सापडलेलं सगळं नेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ओतायचं, ही सवयही चांगली नाही. तिथे आधीच तिथले साप आहेत. खाडीकाठचा साप डोंगरात सोडून त्याचं भलं होत नाही.

फोटो पाठवला तर ओळखून सांगाल का?

हो. अंड्यांचा असेल तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, अंडी न हलवता काढा. पिल्लाचा असेल तर झूम करून, लांबूनच. डोकं, मधलं अंग आणि शेपटीकडचा भाग दिसला पाहिजे. सोबत इमारत कुठली, कितवा मजला, दिवसा दिसलं की रात्री, तेही लिहा. मेलेला साप सरळ करून, काठीवर लटकवून काढलेले फोटो पाठवू नका. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका, पिल्लू बघता बघता दिसेनासं होतं आणि मग सगळ्या घराची रात्र वाया जाते.